पिलू घाण खाते म्हणून त्याला घराबाहेर काढायचे का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्याने एक पिलू घरात आणले. नाल्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकखाली ते भिजत बसले होते. आई गाडीखाली गेलेली, बरोबरची भावंडे कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नाही. दीड-दोन महिन्यांचे असावे. रंग तांबूस, पोट टम्म फुगलेले आणि बरगड्या मात्र मोजून घ्याव्यात अशा. दहा बाय पंधराच्या खोलीत आम्ही सहा माणसे, त्यात हे सातवे. पण पोराने छातीशी धरलेले पिलू खाली ठेव म्हणायला आमची जीभ रेटली नाही. नाव ठेवले मोत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोत्याने मोरीजवळ शी केली, मागे वळून हुंगली आणि आमच्या मंडळींच्या डोळ्यांदेखत ती खाऊन टाकली. एवढ्यावर भागले असते तर बरे. तसाच धावत जाऊन तो अंथरुणात झोपलेल्या आमच्या नातीचे तोंड चाटू लागला. घरात जो गोंधळ उडाला तो विचारू नका. आमच्या आईने फर्मान काढले, "उद्याच्या उद्या याला बाजारात सोडून ये." शेजारच्या काकी दारात येऊन म्हणाल्या, "कुत्र्याची जातच तसली, त्याला तुम्ही काय करणार?" धाकटा त्या रात्री जेवला नाही.

काकींचे मन चांगले आहे, त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण 'जातच तसली' हे शब्द आमच्या कानाला कधीच बरे लागत नाहीत, मग ते कुत्र्याविषयी का असेनात. जातीवर बोट ठेवले की माणूस पुढे कारण शोधायचे सोडून देतो. आम्ही आईकडून महिन्याची मुदत मागून घेतली आणि कारण शोधायला निघालो. त्यात जे कळले, जे चुकले आणि जे साधले ते येथे देत आहोत. कारण चाळीत, वस्तीत, क्वार्टरमध्ये पोरे पिले आणतात आणि याच एका कारणावरून ती पुन्हा रस्त्यावर जातात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

पहिली गोष्ट अशी की, ही खोड पिलू आपल्या आईच्या कुशीतच पाहते. जन्मल्यानंतर सुमारे तीन आठवडे पिलाला आपल्या आपण शी-शू होत नाही. कुत्री त्याच्या पोटाखाली, शेपटीखाली जिभेने चाटते तेव्हा ती होते, आणि जे बाहेर येते ते ती गिळून टाकते. त्यामुळे पिलांची जागा कोरडी राहते, वास सुटत नाही. म्हणजे आपण जिला घाण म्हणतो ती कुत्रीच्या लेखी घरातली झाडलोट आहे. पिले डोळे उघडल्यापासून हे पाहतात, आणि नवीन दिसेल ते तोंडात घालून बघण्याचे त्यांचे वयच असते. म्हणून लहानपणी बरीच पिले हा प्रकार करतात आणि त्यांपैकी पुष्कळांची सवय मोठी होता होता सुटते.

सगळ्यांची सुटत नाही हेही खरे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेतल्या संशोधकांनी हजारो कुत्रे पाळणाऱ्यांना प्रश्न विचारून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शेकडा १६, म्हणजे सहा कुत्र्यांमागे जवळजवळ एक, हे वारंवार करणारे निघाले. ते खातात ती बहुतेक ताजी, दोन दिवसांच्या आतली विष्ठा, असेही त्यात दिसले. संशोधकांनी त्याचा संबंध कुत्र्यांचे पूर्वज असलेल्या लांडग्यांशी जोडला आहे. विष्ठेतून पडलेली जंतांची अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना पिकायला काही दिवस लागतात. गुहेजवळ पडलेली घाण ताजी असतानाच संपवली तर पिलांना जंतांची बाधा कमी व्हायची, असा त्यांचा तर्क आहे. तर्कच तो, पण आम्हाला पटण्यासारखा वाटला. निदान मोत्या मुद्दाम आमची अब्रू घालवायला हे करीत नाही, एवढे तरी आईला सांगता आले.

दुसरे कारण भुकेचे आणि आजाराचे. पिलाचे पोट फुगलेले, अंग मात्र वाळलेले, केस निस्तेज, अशी लक्षणे असली की पोटात जंत आहेत असे समजावे आणि डॉक्टर गाठावा. मोत्याला पिशवीत घालून आम्ही परळला नेले. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय तेथे आहे, जुनी माणसे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. गावाकडच्या वाचकांनी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, तेथे केवळ गाई-म्हशीच बघतात असे नाही. जाताना पिलाची ताजी शी एका लहान डबीत घेऊन गेलात तर डॉक्टरांना ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. आम्हाला डबी न्यायचे सुचले नव्हते.

पिलाच्या पोटात जंत येतात ते बरेचदा आईकडूनच, काही गर्भात असताना तर काही दुधातून. त्यामुळे घराबाहेर पाऊलही न टाकलेल्या पिलाला जंत असू शकतात. जंताचे औषध दोन आठवड्यांचे असल्यापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत आणि पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा द्यावे लागते. एकदा पाजले की झाले, असे नाही. औषध वजनावर असते. घरातल्या माणसांची गोळी अर्धी करून द्यायचा शहाणपणा कोणी करू नये. मोत्याला औषध पाजल्यावर दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे जंत पडले. ते पाहून आमची आई गप्प झाली. आम्हाला वाटते, त्या घटकेला तिच्या मनातला राग उतरून तेथे कणव आली. पण तिने तसे कबूल केले नाही.

जंतांखेरीज आणखीही आजार असतात. काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडात पाचक रस पुरेसा तयार होत नाही. अशा कुत्र्याने कितीही खाल्ले तरी ते अंगी लागत नाही, शी भरपूर, फिकट आणि तेलकट होते, आणि त्यात न पचलेले अन्न राहिल्यामुळे कुत्रे तीच पुन्हा खाते. अल्सेशियन कुत्र्यांत हा आजार जास्त दिसतो. मोठ्या कुत्र्याने इतक्या वर्षांत कधी केले नाही ते अचानक सुरू केले, तर सवयीच्या आधी आजाराचा संशय घ्यावा.

आता खाण्याचे. येथे चूक सर्वस्वी आमची होती. मोत्याला आम्ही सकाळी चहात बुडवलेली खारी, दुपारी काही नाही आणि रात्री दूध-चपाती असे देत होतो. चहा कुत्र्याला द्यायचाच नसतो. दूध बऱ्याच पिलांना पचत नाही, शी पातळ होते. आणि नुसत्या चपातीवर वाढत्या अंगाचे भागत नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिलाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला हवे, सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरते. दुकानातला तयार खुराक आमच्या खिशाला परवडणारा नव्हता. मग डॉक्टरांना विचारून आम्ही घरचेच ठरवले. मऊ भात किंवा कुस्करलेली भाकरी, त्यात उकडलेले अंडे, नाहीतर कोंबडीवाल्याकडची स्वस्तातली छाटण उकडून, हाडे बारकाईने काढून, आणि कधी बिनफोडणीची शिजलेली डाळ. शिजलेले हाड कधीही देऊ नये, त्याचे टोकदार तुकडे होऊन आतडे फाटते. आणखी एक गोष्ट आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हती. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. म्हणजे रविवारचा उरलासुरला मटणाचा रस्सा, जो आपण मोठ्या प्रेमाने कुत्र्यापुढे ओततो, तो त्याच्यासाठी विषच. खारवलेली सुकट, बोंबील हेही नको, मीठ फार होते. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट तर मुळीच नको.

पोट भरू लागले, जंत गेले, तरी मोत्याची सवय लगेच गेली नाही. कमी झाली, एवढेच. पुढचे काम आमचे होते आणि त्यात आम्ही सुरुवातीला मोठीच गफलत केली.

मोत्या शी करायला वाकला की धाकटा "ए! ए!" करीत त्याच्या अंगावर धावून जाई. एकदा आईने चप्पल उगारली, एकदा त्याचे नाक शीत घासले. आमच्याकडे पूर्वीपासून असेच करायची पद्धत. परिणाम काय झाला? मोत्या आम्हाला पाहताच घाईघाईने गिळू लागला. आम्ही जितक्या जोरात धावू तितक्या जोरात तो संपवी. नंतर तर तो मोरी सोडून खाटेखाली, ट्रंकेच्या मागे जाऊन शी करू लागला. पिलाच्या डोक्यात काय बसते ते समजून घ्या. 'शी खाल्ली म्हणून मार बसला' असे त्याला कळत नाही. 'माणसासमोर शी झाली की मार बसतो' एवढेच कळते. मग ते लपून करते आणि केलेले नाहीसे करते. शिवाय सगळे घर आपल्यामागे पळते आहे याची काही पिलांना मौजही वाटते, त्यांना तो खेळ होतो. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की ओरडू नका, धावू नका, मारू नका आणि नाक घासू नका.

मग करायचे काय? पिलाला घाण सापडूच द्यायची नाही. ऐकायला सोपे, करायला चिकाटीचे. पिलू झोपून उठले की, खाऊन झाले की आणि खेळून दमले की शी करते. खाल्ल्यावर साधारण पाच ते वीस मिनिटांत. ही वेळ आम्ही आठ दिवस कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवली, तेव्हा मोत्याचे घड्याळ आमच्या लक्षात आले. त्या वेळेला गळ्यात दोरी बांधून त्याला दरवेळी एकाच जागी न्यायचे, चाळीच्या मागे भिंतीकडेला आमची जागा ठरली. दोरी सैल सोडून गप्प उभे राहायचे. शी झाली रे झाली की लाडाच्या आवाजात नाव घेऊन त्याला आपल्याकडे बोलवायचे, आणि तो आला की तोंडात अंड्याचा किंवा कोंबडीचा छोटा तुकडा. तुकडा नखाएवढा पुरे, पण लगेच हवा. मग एकाने पिलाला बाजूला न्यायचे आणि दुसऱ्याने शी उचलायची. एकटेच असाल तर आधी पिलाला दूर बांधावे, मग उचलावे. कारण आपण वाकून घाईने उचलतो हे पाहिले की त्यालाही वाटते, काहीतरी मोलाची वस्तू आहे, आपण आधी पळवावी.

दहा-बारा दिवसांत असे झाले की मोत्या शी झाली की मागे न वळता सरळ आमच्या हाताकडे पाहू लागला. ही खरी मेख आहे. वळून खाण्याच्या जागी वळून धन्याकडे येण्याची सवय लावायची. बरोबरीने 'सोड' हा शब्दही शिकवावा. तोंडात चिंधी असताना नाकाशी अंड्याचा तुकडा धरायचा, चिंधी सोडली की 'सोड' म्हणून तुकडा द्यायचा. घाणीवर थेट हा शब्द वापरू नये, आधी चिंधीवर पक्का होऊ द्यावा. मात्र एवढ्यावर विसंबू नका. वर सांगितलेल्या अभ्यासात सवय जडलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत 'सोड' सांगून यश आल्याचे फारच थोड्यांनी कळवले होते. घाण वेळच्या वेळी उचलणे हाच भरवशाचा मार्ग.

औषधांचे म्हणाल तर कोणी सांगितले अननस घाला, कोणी सांगितले भोपळा. बाजारात यासाठी चूर्णे आणि गोळ्याही मिळतात, जेवणात घातल्या की शीची चव बिघडते म्हणे. त्याच २०१८ च्या अभ्यासात अशा अकरा उत्पादनांविषयी विचारले होते. गुण आल्याचे प्रमाण शेकडा शून्य ते दोन. कष्टाचा पैसा त्यात घालू नये. शीवर मिरचीपूड टाकण्याचा सल्ला तर आम्हाला चार जणांनी दिला. कुत्र्याचे सगळे जग त्याच्या नाकात असते, त्या नाकात तिखट घालणे म्हणजे निव्वळ छळ.

एक गोष्ट कबूल करायला हवी. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे कामाला, मुले शाळेत, आई दुपारची झोपलेली आणि मोत्या जिन्याखाली दोन हात दोरीला बांधलेला. झोपायचे तेथेच, हागायचे तेथेच. एवढ्याशा जागेत घाणीबरोबर कोंडलेले, कंटाळलेले पिलू दुसरे काय करणार? मग थोरल्या मुलीने युक्ती काढली. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीचे बूच आणि त्याखालचे कडे काढून आत भाकरीचे वाळके तुकडे टाकले. मोत्या ती बाटली तासभर लोळवत बसतो, एकेक तुकडा बाहेर पाडतो. जुन्या साडीच्या चिंधीला गाठी मारून दिल्या. बाटली कुरतडायला लागला की काढून घ्यायची, एवढे लक्ष ठेवावे लागते. सकाळ-संध्याकाळ धाकटा त्याला मैदानाला फेरी मारून आणतो.

आता स्वतःची सोडून दुसऱ्यांची. कोंबडीची, मांजराची, आणि सांगायला लाज वाटते पण माणसांची. वस्तीत लहान मुलांना गटारावर बसवतात, कारण सार्वजनिक शौचालयात रांग असते, आत अंधार असतो, पाणी नसते. पिलू ते खाते. आसाममधील चहाच्या मळ्यांत कुत्र्यांच्या विष्ठेची तपासणी झाली होती, तिचा अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या शीत माणसाच्या पोटातल्या मोठ्या जंतांची अंडी सापडली. कुत्र्यांनी माणसांची घाण खाल्ली होती आणि ती अंडी तशीच दुसऱ्या जागी नेऊन टाकली होती. तेव्हा दोष एकट्या पिलाच्या माथी मारून चालणार नाही. लहान मुलाला भांड्यात बसवावे आणि ते शौचालयात ओतावे. गल्लीतून जाताना पिलाच्या गळ्यात दोरी असावी.

आणि आपल्या कुत्र्याची घाण आपणच उचलावी. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बिल्डिंगमध्ये राहतात, ते म्हणाले, "झाडूवाली येते ना सकाळी." आम्ही त्यांना जे बोललो ते येथे छापत नाही. दुसऱ्याची घाण उचलण्याचे काम पिढ्यान्पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले, हे आपल्या घरात कोणाला शिकवायला नको. आमच्याकडे नियम साधा आहे, ज्याने पिलू आणले त्याने उचलायचे. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा, हातावर पिशवी, आणि नंतर साबणाने हात. धाकट्याने पहिले दोन दिवस नाक मुरडले, नंतर सवय झाली.

मुलांच्या तब्येतीची काळजी रास्त आहे, त्याविषयी थोडे. कुत्र्याच्या गोल जंतांची अंडी मातीत पडून साधारण दोन ते चार आठवड्यांनी बाधक होतात. म्हणजे शी ताजी असतानाच उचलली तर हा धोका तेथेच बऱ्याच अंशी तुटतो. अंडी मुलांच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात फिरतात, क्वचित डोळ्यातही जातात. आकडी जंताच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि खाजरी, नागमोडी रेघ उठते. म्हणून मातीत खेळून आल्यावर आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, पायात चप्पल असावी, आणि पिलाला तोंड चाटू देऊ नये. आमच्या नातीला आम्ही 'तोंड नाही, हात' असे शिकवले आहे.

पिलालाही धोका असतो. पार्व्हो नावाचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि लस न दिलेली पिले त्याने पटापट दगावतात. उलट्या, मलूलपणा, रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब दिसले तर उद्यावर ढकलू नये, त्याच दिवशी डॉक्टर. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत देतात. आणि चाळीत एक अफवा हटकून असते की घाण खाणारे कुत्रे पिसाळते. तसे काही नाही. रेबीज पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून, मुख्यतः चाव्यातून होतो. त्याची वेगळी लस पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी. कोणाला कुत्रा चावलाच तर हळद-चुना न लावता जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

आईने दिलेली महिन्याची मुदत संपली तेव्हा मोत्याची खोड पूर्ण गेली नव्हती. तिने आठवण काढली नाही, आम्हीही काढली नाही. आणखी दोन आठवडे गेले आणि एके दिवशी ध्यानात आले की बरेच दिवसांत तसे काही घडलेले नाही. हल्ली आई स्वतःच्या ताटातल्या अंड्याचा पिवळा भाग त्याच्यासाठी बाजूला काढते आणि आम्ही पाहिले की, "मला बाधतो तो," म्हणते. मांजराची घाण दिसली की मात्र मोत्याची मान अजून तिकडे वळते. तेव्हा दोरी हातात लागतेच, आणि खिशात अंड्याचा तुकडा.